धाकटीची हाक

आई, मी एका बाईच्या तोंडात दुसरीची हाक घातली आणि मंगळवारी पकडली गेले. माझ्या कामात हे रोज चालतं. चित्रीकरणात एखादा शब्द बिघडला की त्याच माणसाचा तोच शब्द दुसऱ्या ठिकाणाहून उचलायचा, त्याच्या कडा घासायच्या, मागचा पंख्याचा किंवा पाखरांचा आवाज जुळवायचा आणि बसवून टाकायचा. नऊ वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे मी काय करते हे तुला माहीत नाही. बंगळूरला कोरमंगलात एका इमारतीच्या तळघरात आमचा स्टुडिओ आहे. चित्रपटातले संवाद ऐकायचे आणि स्वच्छ करायचे, एवढंच. हॉस्पिटलमधून आल्यावर तू तुझ्या कामाबद्दल जेवढं सांगायचीस, तेवढंच मीही माझ्याबद्दल सांगते.

सध्याचा चित्रपट कन्नड आहे, दोन जुळ्या बहिणींच्या खऱ्या आयुष्यावरचा. धारवाडकडच्या एका गावातल्या. पंधरा वर्षांच्या होईपर्यंत एका ताटात जेवल्या, एकमेकींशिवाय कुणाशी धड बोलल्या नाहीत. एक आजारी पडली की दुसरी खाणं टाकायची. घरच्यांना भीती वाटली, म्हणून एकाच मांडवात दोघींची लग्नं लावून त्यांना दोन लांबच्या गावांना देऊन टाकलं. थोरली तीनदा सासरहून चालत निघून धाकटीच्या दारात आली आणि तीनदा तिला परत नेऊन सोडलं. चौथ्यांदा ती निघाली नाही, तिने बोलणंच सोडलं. शेवटी माहेरी आणून ठेवली तेव्हा प्राण जाण्याआधी तिने इतक्या वर्षांनी एक शब्द उच्चारला, अव्वा. त्यांच्याकडे आईला अव्वा म्हणतात. चित्रपट त्या शब्दावर संपतो. दोन्ही भूमिका एकाच नटीने केल्या आहेत, आणि नेमक्या त्या शब्दावर रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. नटी आता दुसऱ्या कामासाठी परदेशी आहे. म्हणून मी धाकटीच्या एका प्रसंगातलं अव्वा उचललं, थोडं खालच्या पट्टीत ओढलं आणि थोरलीच्या ओठांवर बसवलं. दिग्दर्शक ऐकून म्हणाला, "सूपर. यापेक्षा चांगलं होणार नाही."

खरी धाकटी हयात आहे. साठीच्या पुढची, बुटकी बाई. आमच्या खुर्चीत बसली तर पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने होकार दिल्याशिवाय चित्रपट पुढे जाणार नाही असं ठरलं होतं, म्हणून ती मंगळवारी आली. दोन तास हातातली कापडी पिशवी घट्ट धरून पडद्याकडे बघत राहिली. रडली नाही. शेवटची हाक झाली आणि तिने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"ही मी आहे," ती कन्नडमध्ये म्हणाली. "माझी हाक तिच्या तोंडात घातलीत."

दिग्दर्शक हसला. "अक्का, नटी एकच आहे. दोन्ही आवाज तिचेच."

"ते मला माहीत आहे. पोरगी माझ्याकडे महिनाभर राहून दोन्ही आवाज शिकून गेली. हा माझा आहे. माझी हाक वर जाऊन थांबते. तिची थांबत नसे."

"स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, अक्का," तो म्हणाला. इथे रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे हेच म्हणतात, जरा सांभाळून घ्या.

"आयुष्यभर तेच केलं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "तू केलंस ना हे?"

मी हो म्हटलं. माझ्या संगणकावर दोन्ही हाकांच्या आवाजाच्या रेषा समोर होत्या. एक टोकाला चढून तुटत होती, दुसरी पसरत जात होती. फरक मला पहिल्या दिवसापासून दिसत होता. मी तो घासून काढला होता आणि घासताना मला काहीही वाटलं नव्हतं. मला अस्वस्थ करतंय ते हे.

चहाच्या वेळी ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचं सासर बेळगावकडचं, त्यामुळे माझं नाव ऐकून ती एकदम मराठीवर आली, आपल्याकडच्या बायका बोलतात तशी. "बेळगावची काय ग तू? मग मघाशी बोलायचं नाही होय? मी आपली कानडीत भांडतोय." मग तिने विचारलं, "बहीण आहे?" मी म्हटलं, आहे. "थोरली का धाकटी?" मी म्हटलं, जुळी. तिने कप खाली ठेवला.

"बोलता?"

"दिवाळीला."

"आणि?"

"त्यातल्याच पाडव्याला."

"म्हणजे दोन दिवसांच्या अंतराने," ती म्हणाली. "वर्षाचं उरकून टाकता होय."

मी हसले, आई. बऱ्याच दिवसांनी. पण त्या दिवशी पुढे मला काम करता येईना, आणि तेव्हापासून सारखं स्वयंपाकघर दिसतंय.

बेळगावातलं ते भाड्याचं घर, आम्ही दहा वर्षांच्या. तू ओट्यापाशी, आमच्याकडे पाठ. मागून आमच्यातली एक हाक मारते, "आई". तू न वळता सांगतेस, "थोरली." पुन्हा, "आई". "धाकटी. आणि नाक शिंकर आधी." तोंडं बघून तूही कधीकधी फसायचीस, पण आवाजावरून एकदाही नाही. माझी हाक आखूड. तिची लांबणारी, शेवटी नाकात शिरणारी, पुढे काहीतरी मागायचं असल्यासारखी. बाबा लवकर गेलेले, तू दिवसभर वॉर्डात, आणि आम्ही दोघी शाळेत कुणाशी चकार शब्द बोलत नसू. बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली होती, मुलींना वेगळ्या तुकड्यांत घाला म्हणून. तू दोन्ही चिठ्ठ्या डब्याखाली ठेवून दिल्यास.

मग तो रविवार. घरमालकिणीची पाच वर्षांची मुलगी आमच्या मागे मागे फिरून "डबल रोटी, डबल रोटी" ओरडत होती. आमच्यातल्या एकीने तिला बंबाच्या जळणाच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि निघून आली. संध्याकाळी ती सापडली तेव्हा ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता आणि पुढे दोन दिवस ती बोलली नाही. शेजारच्या गच्चीवरून एका म्हातारीने पाहिलं होतं, पण दोघींतली कुठली ते तिला सांगता येईना. घरमालकीण दारात उभी राहून तुला म्हणाली, "कुठली ते तुम्ही बघा सिस्टर. एक तरी इथून हलवा, नाहीतर खोली रिकामी करा."

तू आम्हाला मारलं नाहीस. दूध गॅसवर ठेवलंस आणि आमच्याकडे पाठ केलीस. "जिने केलं तिने नुसतं आई म्हणायचं," तू म्हणालीस. "बाकी काही सांगायचं नाही. मी मागे वळणार नाही." त्यानंतर पातेल्याचा आवाज, दूध तापायला लागतं तेव्हा तळाशी होतो तो. मी तो आजही ओळखेन. धाकटी माझ्या डाव्या बाजूला होती. आमच्या दोघींनाही माहीत होतं की कडी मी घातली होती. ती तेव्हा घरात झोपली होती. दूध वर आलं, आणि "आई" अशी हाक आली. लांब, नाकात शिरणारी. तू गॅस बंद केलास आणि म्हणालीस, "बरं. धाकटे, तुला निपाणीला मावशीकडे जावं लागेल."

ती हाक मी मारली होती.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर एका शब्दात सगळं उलटलं असतं, पण ती बोलली नाही. का ते मी तिला कधी विचारलेलं नाही. आठ दिवसांनी तू तिची ट्रंक भरलीस. त्या वर्षी आमच्या वाढदिवसाला घरी मी एकटीच होते आणि तू मला तुझा जुना स्टेथोस्कोप दिलास, भिंतीचा, झाडाचा, मांजराचा आवाज ऐकायला. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. लोक विचारतात या क्षेत्रात कशी आलीस, तेव्हा मी स्टेथोस्कोपची गोष्ट सांगते. दुधाची सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा तपासते. त्या दिवसानंतर तू पाठ करून आवाज ओळखायचा खेळ कधीच खेळली नाहीस. मी एकदा मागून हाक मारली तेव्हा तू वळून माझ्याकडे नीट बघितलंस आणि मग "काय" म्हणालीस. याचे दोन अर्थ निघतात. धाकटी गेल्यावर ओळखायला कुणी उरलंच नव्हतं, हा एक. तुला कळलं होतं, हा दुसरा. कळूनही तू तिला पाठवलं असशील, तर मग तुझा हिशेब काय होता? दोघींतली कोण एकटी राहू शकेल, हा? मला दोन्ही अर्थांसाठी पुरावा सापडतो, आणि कुठलाच पुरेसा नाही.

मंगळवारीच मी धाकटीला फोन केला. दिवाळी नव्हती, पाडवाही नव्हता, म्हणून तिने पहिल्यांदा विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. एक पिक्चर आहे, जुळ्या बहिणींचा. शनिवारी फक्त आमच्या लोकांसाठी दाखवणार आहेत. येतेस?"

"जुळ्यांचा? मग आपल्याला का नाही घेतलं? एका तिकिटात दोघी शिरलो असतो." मग थांबून, "काय झालंय ग, थोरले?"

"काही नाही."

"तुझं काही नाही मला पाठ आहे. येते. पोरांना यांच्याकडे सोडते. आणि हे बघ, तिकडचं ते गोड सांबार मला वाढू नकोस."

ती उद्या सकाळच्या बसने येतेय. काल मी स्टुडिओजवळच्या एचएसआर वस्तीतली माझी खोली झाडली, दुसरी गादी आणली. चित्रपटातली ती हाकही बदलली. बिघडलेला मूळ तुकडा पुन्हा काढला आणि दोन दिवस त्यातून टँकर उपसत बसले. थोरलीची अव्वा आता ऐकू येते, पसरत जाणारी. टँकर थोडा राहिलाय, तो राहू दिला. दिग्दर्शक म्हणाला, आधीचं जास्त स्वच्छ होतं. मी म्हटलं, होतं.

पण मला धाकटीशी बोलायचंय ते निपाणीबद्दल नाही. ते तिला माहीतच आहे, ती तिथे उभी होती. जे तिला माहीत नाही ते तू गेलीस त्या दिवशीचं, दुपारी चार वाजताचं आहे. तू तुझ्याच हॉस्पिटलात, तुझ्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर. मावशीला फोन लागत नव्हता, निरोप निपाणीला पोहोचायचा होता. मी खाटेपाशी येऊन हाक मारली, माझ्या स्वतःच्या आवाजात, आखूड. तू डोळे न उघडता म्हणालीस, "ये धाकटे. कधी आलीस?" आणि हात पुढे केलास. तापात तुझी चूक झाली, की सात वर्षांनी तू मला सांगत होतीस की तुला सगळं ठाऊक आहे, हे मला आजही ठरवता येत नाही. मी म्हटलं, "आत्ताच." लांब, नाकातून. तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "रागावली नाहीस ना माझ्यावर?" मी तिच्या आवाजात "नाही" म्हटलं. संध्याकाळी तू गेलीस. धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचली. अकराव्या दिवशी तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "आईने माझं नाव काढलं होतं का ग?" मी म्हटलं, "नाही. झोपेतच होती." ती "बरं" म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. गेली पंधरा वर्षं ती त्या "बरं"वर जगतेय, आणि तू जी क्षमा तिच्याजवळ मागितली होतीस, ती माझ्याकडे पडून आहे.

आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी रेकॉर्डिंगच्या बूथचं दार लावलं, माइक चालू केला आणि तुला एकदा हाक मारली, माझ्या आवाजात. बाहेर येऊन ऐकली. शेवट नाकात जात होता. तीनदा ऐकूनही ती कुणाची आहे हे मला सांगता आलं नाही. धाकटीला ऐकवेन. मग चार वाजताचं सांगेन, तू काय विचारलंस ते शब्दन् शब्द, आणि तिला काय उत्तर द्यायचंय ते तिचं तिला ठरवू दे.

हे पत्र तिच्या हातात ठेवावं असं सकाळपर्यंत वाटत होतं. ठेवणार नाही. कागदाला आवाज नसतो आणि त्याच्या मागे लपणं मला फार सोपं जाईल. तुला पाठवायची तर सोयच नाही. फक्त एक गोष्ट तिला सांगण्याआधी तुला सांगते, कारण तिच्यासमोर ती माझ्या तोंडातून निघेल याची मला खात्री नाही. मी "आत्ताच" म्हणाले ते तुला बरं वाटावं म्हणून नव्हतं. तुझा हात तिच्यासाठी पुढे आला होता, आणि तो मला हवा होता.