थर्झाचा कागदी मुकुट

१ नोव्हेंबर १८६१, शुक्रवार

थर्झाला पुरलं. एकवीस वर्षांची पोर — नऊ दिवसांच्या तापात गेली. शवपेटीपुढे कुमारिकेचा मुकुट नेला. पांढऱ्या कागदाच्या गुलाबांचा, खाली पाच कागदी हातमोजे लोंबणारा. तिच्या आईने, माझ्या हन्नाने, केला. एक पाकळी वाकडी नाही.

आता तीन रविवार तो चर्चच्या सज्जाला टांगायचा. ते हातमोजे म्हणजे आव्हान: पोर कुमारिका म्हणून गेली यावर ज्याला बोट ठेवायचंय, त्याने सगळ्यांदेखत उठून ठेवावं. कुणी उठलं नाही, तर मुकुट कायमचा छताखाली, तिच्या नावानिशी. चर्चचा कारकून म्हणून चाळीस वर्षांत असे सहा टांगले. सातवा माझ्या लेकीचा! देवा, एवढं तरी तिचं राहू दे. दुसरं काही मागत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

पहिला रविवार. कुणी हूं की चूं केलं नाही.

बाहेर पडताना ती स्ट्रगनेल विधवा म्हणते, "मुकुट सुरेख हो! हातमोजे मात्र जरा जास्तच पांढरे."

म्हटलं, "तुमच्या नजरेला पांढऱ्याची सवय नसेल!"

चरफडत गेली.

६ नोव्हेंबर, बुधवार

एनॉक फाटकाशी आला! तोच — छपरं शाकारणारा, चॅपलवाल्यांतला, आमच्या चर्चपासून फुटलेल्या पंथाचा. दोन वर्षांपूर्वी थर्झाला मागणी घालायला आला होता. तेव्हाच बजावलं होतं, आमच्या चर्चची पायरी न चढणाऱ्याला माझी पोर मिळायची नाही.

आज टोपी काढून म्हणतो, "काका, एक सांगायचंय. त्या मुकुटाबद्दल."

मुकुटाबद्दल! अंगाची लाही लाही झाली. कुत्रं सोडलं. तर ते गाढव त्याचे हात चाटायला लागलं! मग मीच काठी उचलली.

"तिच्या नावाला बट्टा लावलास तर तंगडं मोडीन!"

गेला. हन्ना खिडकीतून बघत होती.

७ नोव्हेंबर

दुपारी हन्ना शाल घेऊन बाहेर पडली. कुठे म्हणून विचारलं तर म्हणे, "वारा खायला." या थंडीत!

१० नोव्हेंबर, रविवार

दुसरा. सगळे गप्प.

१५ नोव्हेंबर

हा एनॉक उठणार. नक्की उठणार. आणि तो म्हणेल ते खरं असलं तर? — छे! माझी पोर तशी नव्हती. लिहितानासुद्धा लाज वाटते मला.

१७ नोव्हेंबर, रविवार

तिसरा. एनॉक आला — जन्मात पहिल्यांदा आमच्या चर्चमध्ये. शेवटच्या बाकावर बसला. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो उठला नाही. टोपीत तोंड खुपसून नुसता रडत होता.

मुकुट मीच शिडीवर चढून छताखाली टांगला.

घरी येऊन म्हटलं, "पाहिलंस? हिंमत झाली नाही बेट्याची!"

हन्नाने टेबलावर एक अंगठी ठेवली. "लेकीला शेवटचं न्हाऊ घालताना सापडली. गळ्यात, दोऱ्यात ओवलेली. सप्टेंबरात अँडोव्हरला जाऊन सरकारी कचेरीत लग्न केलं त्यांनी. कागद आहे एनॉककडे. मी पाहिला."

"मग आज गप्प का बसला तो?"

"त्या गुरुवारी, वारा खायला म्हणून निघाले ती त्याच्या घरी गेले, हात जोडले. म्हटलं, म्हाताऱ्याचा जीव त्या मुकुटात अडकलाय रे. तर म्हणाला, आई, तुम्ही म्हणाल तसं."

१८ नोव्हेंबर, सोमवार

शिडी लावली. मुकुट उतरवला. एनॉकच्या दारात गेलो. काय बोलायचं ते वाटेत चारदा घोकलं होतं. त्याने दार उघडलं आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं — "जावईबापू."