सरळ केलेली पोती

४ फेब्रुवारी
जलशुद्धीकरण केंद्राचा व्यवस्थापक म्हणून आज रुजू झालो आणि इतिहासाने नोंद घ्यावी असा अन्याय झाला: माझ्या खोलीतल्या पंख्याचे बटण दाराबाहेर आहे. अर्ज करणार, सोदाहरण. बाकी आनंद. घर आवारातच, सौ. खूश, नऊ वर्षांची चिमी त्याहून खूश.
नदीच्या वरच्या अंगाला मन शांत करणाऱ्या गोळ्यांचा कारखाना आहे. औषधाचा अंश पाण्यात उतरतो, आमच्या टाक्यांतला कोळसा तो धरून ठेवतो. कोळशाने अपरिग्रहाचे व्रत घेतलेले नाही, हे मानवजातीचे भाग्य.

६ फेब्रुवारी
गोदामात कोळशाची निम्मी पोती तोंड खाली करून शीर्षासनात! कोळसा भरणारे मामा रजेवर, विचारणार कोणाला? दोन मजूर हाताशी घेऊन सगळी सरळ केली. डोळे निवले.

११ फेब्रुवारी
टाक्यांतला कोळसा बदलला. गोदामातली पुढची रांग संपली.

१९ फेब्रुवारी
वसाहतीत कमालीची शांतता. पलंगावर माझा ओला टॉवेल पाहूनही सौ. काही बोलली नाही. मोक्ष याहून वेगळा नसावा.

२३ फेब्रुवारी
दूध उतू गेले, भांडे करपले. सौ. बघत उभी.
चिमीने तापलेल्या तव्यावर हात टेकला. मीच ओढून काढला. रडली नाही. डॉक्टरांनी मलम दिले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

२५ फेब्रुवारी
मामा परतले. गोदामाच्या दारातच थबकले.
“साहेब, उलटं पोतं म्हणजे पोट भरलेला कोळसा. भट्टीत जायचा होता तो. आता खाल्लेलं सगळं पाण्यात ओकतोय.”
सरळ कोणी केली, म्हणाले. मी सांगितले. मुख्य व्हॉल्व्ह आत्ताच्या आत्ता बंद करा, म्हणाले. हो म्हटले.

२७ फेब्रुवारी
व्हॉल्व्ह राहिला. मामा दोन दिवस आमच्याकडेच चहा घेतात. पाणी तेच. आता तेही काही म्हणत नाहीत.

२८ फेब्रुवारी, सकाळ
खिडकीतून उघडी टाकी दिसते. चिमी कठड्यावर, पाय आत सोडून. सौ. मागे उभी राहून तिची वेणी घालते आहे — छान घालते —
हाक मारायला हवी.

चिमी कठड्यावर नाही. सौ.च्या हातात रिबीन.
मला पोहता येते. धावायला हवे, हेही कळते. काळजी एकाच गोष्टीची — की मला काळजी वाटतच नाही. एवढी ओळ पुरी करतो, मग