एक वाजून दहा मिनिटांच्या फोनसाठी मोठा ड्राइव्ह मिळण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा कार्यालय

विषय : तक्रार कक्षाच्या संगणकास लहान व वेगवान एसएसडीऐवजी (नोंदी साठविण्याचा ड्राइव्ह) मोठा व संथ एसएसडी बसविण्याबाबत.
संदर्भ : संगणक दुरुस्त करणाऱ्याने सुचविलेले दोन पर्याय व त्यावरील आपला शेरा, 'लहान घ्या'.

महोदय,

१. अर्जदार येथे तीस वर्षे अभिलेखपाल असून गेली दोन वर्षे तक्रारींचा फोनही सांभाळतो. पूर्वी तो अर्जदाराची पत्नी सांभाळत असे. ती वारल्यावर तिची खुर्ची अर्जदारास मिळाली.

२. लहान ड्राइव्ह २५० जीबीचा. त्याने संगणक आठ सेकंदांत चालू होतो म्हणे. आपल्याकडे तक्रारीला उत्तर जायला आठ दिवस लागतात, तेव्हा ही घाई कोणाच्या उपयोगाची, हे अर्जदारास उमगलेले नाही. मोठा एक टीबीचा. वेग बेताचा, पण त्यात सगळे मावते.

३. या फोनवरचे प्रत्येक बोलणे संगणकात आवाजासह आपोआप नोंदले जाते. पत्नी रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी याच फोनवरून तळमजल्यावरील अभिलेख कक्षात अर्जदारास विचारी, "अहो, जेवलात का?" अर्जदार "कामात आहे" म्हणून फोन ठेवी. शेवटच्या दिवशीही तेच उत्तर दिले. त्याची खंत वाटते.

४. जुनी डिस्क आता भरली आहे. नवी तक्रार नोंदली की सर्वांत जुनी नोंद पुसली जाते, आणि पुसण्याची पाळी पत्नीच्या वर्षांवर आली आहे. लहान ड्राइव्हमध्ये तर फक्त मागील दोन वर्षे उतरतील. पत्नीला जाऊन दोन वर्षे एकोणीस दिवस झाले. नोंदींची प्रत घरी नेण्यास मनाई आहे आणि अर्जदाराने तीस वर्षांत कार्यालयाची टाचणीही घरी नेलेली नाही.

५. म्हणून अर्जदाराने नऊ दिवसांपूर्वी फोनची तार काढून ठेवली. गावभर नळ कोरडे असताना तक्रारी कशा थांबल्या, याचे आपण परवाच्या बैठकीत कौतुक केलेत. अर्जदार मान खाली घालून बसला होता. या कसुरीबद्दल जी शिक्षा होईल ती मान्य आहे.

६. तार अर्जासोबत जोडली आहे. तरीही काल एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आजही वाजला. शेजारच्या कारकुनाने वर पाहिले आणि तो म्हणाला, "अहो, घ्या की!" अर्जदाराने उचलला नाही. उचलला तर नोंद होईल, आणि तिची एक नोंद जाईल.

तरी मोठा ड्राइव्ह त्वरित बसवावा. मला आता काही काम नाही, एवढेच तिला सांगायचे आहे.

आपल्या मंजुरीची वाट पाहणारा,
(सही)
अभिलेखपाल, तक्रार कक्ष
दिनांक : १४ मार्च

सोबत : फोनची तार, एक नग.