आकाशपाळण्यात दादा आणि मी

वडगाव निंबाळकर,
नरक चतुर्दशी, फराळानंतर

तीर्थस्वरूप दाजी जोतीराम यांच्या चरणी महिपतीचे दंडवत.

इकडे सर्व खुशाल आहे. आपली कंबर कशी आहे? मागच्या पत्रात आपण लिहिले होते की बसले की उठवत नाही आणि उठले की बसवत नाही. तर मधल्या वेळात आपण काय करता, ते कळवावे. रतनआक्कास नमस्कार. तिने गेली तीन वर्षे दादाला आणि मला भाऊबीजेला ओवाळलेले नाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. (दोघे भाऊ पाटाला पाट लावून बसाल तेव्हाच तबक हातात घेईन, असे ती म्हणाली आणि शब्दाला जागली. आमच्या घराण्यात हट्ट सगळ्यांना सारखा वाटून आला आहे, जमीनच तेवढी कमीजास्त झाली.) दादाचा नि माझा अबोला कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून पडला, हे आपण जाणताच. माझ्या पाळीत त्याने पाणी आपल्या उसाला वळवले की त्याच्या पाळीत मी, यात मला आता गोडी राहिलेली नाही. (त्यानेच वळवले.)

काल धनत्रयोदशीला बारामतीच्या मैदानातला दिवाळीचा आनंदमेळा बघायला गेलो. दादा आणि ठमावहिनी त्याच एस.टी.त होते. दादा पुढच्या बाकावर, मी अगदी मागच्या. तेव्हा आपण भेटलो नाही असे दोघेही धरून चाललो. मेळ्यात हसऱ्या आरशांचा तंबू आहे. एका आरशात मी कळकासारखा दिसलो, दुसऱ्यात कणगीसारखा. आमची कारभारीण कौसल्या म्हणाली, "आन् घरचा आरसा तेवढा खरा म्हनायचा व्हय?" मी पाळण्याकडे वळलो.

हा आकाशपाळणा लाकडी, चार पेट्यांचा, हाताने फिरवायचा. त्याची अट अशी की समोरासमोरच्या दोन पेट्यांत सारखे वजन हवे, नाहीतर फिरवणाऱ्याचे खांदे निखळायचे. बायकापोरांच्या दोन पेट्या जुळल्या. मग मला बसवून पाळणेवाला गर्दीकडे बघत ओरडला, "ह्यांच्या तोलाचा गडी पायजे!" बैलबाजारातला दलाल दात न बघता बैलाचे वय सांगतो, तशी त्याची नजर सगळ्यांवरून फिरली आणि दादावर थांबली. "या पागोटेवाले, तुमचं नि ह्यांचं वजन एकाच मापाचं दिसतंय." एका आईची लेकरे, दिसणारच. नाही म्हणावे तर घाबरला असे लोक म्हणणार, म्हणून दादा बसला. आम्ही फिरलो. मी वर असताना तो खाली, तो वर असताना मी खाली; दोघांनीही एकमेकांच्या डोक्यावरून दूर कुठेतरी पाहिले.

फेऱ्या संपल्या, बायकापोरे उतरली आणि पाळणा अडकवायची खुंटी मोडली. आता दादा वर आणि मी खाली. पाळणेवाला म्हणाला, "मी सुताराकडनं खुंटी आनतो. तवर खालच्यानं उतरायचं न्हाय. खालचा उतरला की वरचा धाडदिशी खाली यील." आणि तो गेला.

मला जमीन हातभर अंतरावर होती. तीन वर्षांचा हिशेब एका पावलात फिटणार होता. पण मी थोर मनाचा माणूस असल्यामुळे बसून राहिलो. वरून दादा खाली उभ्या असलेल्या वहिनीला म्हणाला, "त्याला म्हन, उतरू नगंस." मी म्हणालो, "वैनी, सांगा, बसलोय." मग वरून, "त्याला म्हन, हलूबी नगंस." मी, "सांगा, हलत न्हाय." वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी काय पोस्टाची पेटी हाय? दोगांस्नी तोंडं हायती न्हवं?" भोवती ही गर्दी जमली. मौतका कुवा सोडून माणसे आमच्याकडे आली.

वरून म्हणे फार लांबचे दिसते. गावाची कौले दिसतात, बाभळींची रांग दिसते, पलीकडच्या बांधावर वाळत घातलेले एक हिरवे लुगडेसुद्धा दिसते. शेवटी दादालाच राहवले नाही. पहिल्यांदा तोच बोलला.

"कालवा दिसतुया."

"भरून चाललाय का?"

"काठोकाठ."

"कुनाची पाळी हाय?"

वरून उत्तर आले, "हितनं काय कळत न्हाय."

आधी वहिनी हसली, मग गर्दी, मग पाळणा हलू न देता जितके हसता येते तितके आम्ही. खुंटी आली, आम्ही उतरलो. परत येताना एस.टी.त दादा माझ्या बाकावर बसला, कारण पुढे जागा नव्हती. (होती.)

असो. हे पत्र निव्वळ खुशालीचे आहे, मागणे काहीही नाही.

आपला,
महिपती

ता. क. भाऊबीज तीन दिवसांवर आली. हे पत्र शेजारच्या सोनबाजवळ देतो आहे. तो उद्याच तिकडे येतोय. त्याच्याबरोबर आक्काला पाठवावे. आपल्या कंबरेला एस.टी. सोसत असेल तर आपणही यावे. माजघरात दोन पाट मांडून पाहिले. कडेला कड लागते. दादाने स्वतः खाली वाकून पाहिली.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी पत्र दादाला वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "वर कोन व्हतं रं?" म्हणून लिहितो. वर मी होतो. आधी बोललो तोही मीच. आणि पाळणेवाला सुताराकडे पळाला, तेव्हा दादा उतरायला निघालासुद्धा होता. त्याचा एक पाय जमिनीला टेकला होता. मी वरून "दादा!" म्हणून ओरडलो. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितले आणि पाय परत आत घेतला.