धुक्यातले टोले

१४ एप्रिल
या गावात येऊन चार दिवस झाले आणि आज काराकात गाडी माझ्या नावावर झाली. झोया म्हणाली, लग्नातसुद्धा मी एवढा हसलो नव्हतो. सहा फुगीर चाकं, वर पत्र्याची केबिन. चिखलात चालते, पाण्यात शिरली की चाकं फिरवत तरंगते. तिखोनने ती स्वतःच्या हातांनी जोडलेली. गेल्या शरदात नदी नुकती गोठत असताना अडकलेलं चाक सोडवायला तो खाली उतरला आणि बर्फ फुटला. गाडी तरंगत राहिली, तो सापडला नाही. त्याच्या बायकोने, ग्रूशा मावशीने, किल्ली देताना पुन्हा पुन्हा बजावलं, चाकांत हवा कमी ठेव, तिला टणक चाकं सोसत नाहीत. जणू लेकच सासरी पाठवत होती.

१९ एप्रिल
नदीवरचा बर्फ फुटला. आता ना घसरगाडी, ना होडी. पलीकडून पाव, टपाल, गॅसची टाकी आणायला सगळ्या गावाला मीच. दुकानदारीण म्हणते, नव्या माणसाचे महिनाभर लाड, मग शिव्या. दवाखाना पलीकडे आहे, म्हणून तर गाडी घेतली. झोयाला आठवा महिना लागलाय.

एकच कटकट आहे. धुक्यात गाडी काठाला लागेपर्यंत काठावर टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाजवायचा, तीन टोले, थांबून तीन, ही रीत आमच्या गावीही आहे. पण ग्रूशा मावशी रोज दुपारी, लख्ख उन्हातही वाजवते. तिखोन अजून काठाला लागला नाही, म्हणते. रूळ नेमका आमच्या खिडकीखाली. झोयाचा डोळा लागत नाही.

२३ एप्रिल
मावशीला गोडीगुलाबीने सांगितलं, बाळ होईपर्यंत तरी थांब. तिने हातोडा माझ्याच हातात दिला. म्हणाली, मग तू वाजव बाबा, कुणीतरी वाजवायलाच हवं. नाहीतर तो गाडीचा माग काढत येईल. हो म्हटलं आणि हातोडा फळीवर ठेवून दिला. झोया दोन तास गाढ झोपली.

२६ एप्रिल
पाव घेऊन परतताना टोले ऐकू आले. मावशी म्हणते, मी नाही. आवाज काठावरून नव्हताच, प्रवाहाच्या खालच्या अंगाने होता. भीती वाटली. लिहायला लाज कसली.

२८ एप्रिल
आज मीच रूळ वाजवला, खांदा भरून येईपर्यंत. नदीतून उत्तर येतं. आता जवळून. उशीर केलास, मावशी एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

३० एप्रिल
सकाळीच झोयाला कळा. दीड महिना आधी. दाट धुकं, पण थांबणं शक्य नव्हतं. मावशी आमच्या काठावर वाजवतेय, पलीकडचे त्यांच्या. समोरच्या टोल्यांच्या रोखाने निघालो.

नदी अर्धा किलोमीटर. तासभर झाला. काठ नाही.

समोरचे टोले — मागूनही तेच —

इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. वेड लागू नये म्हणून लिहितोय.

आता तळाखालून. पत्र्यावर. तीन, थांबून तीन.

झोयाने माझा हात पोटावर ठेवला. बाळ लाथा मारतंय. तीन, थांबून —

ती कळा विसरलीय. हसतेय. म्हणते, काठ आला, उतरू या, तो केव्हाचा हात देतोय.

बाहेर नुसतं पाणी.

दाराची कडी तिच्या बाजूला आहे. मी तिचा —