धुराविना शेगडी

१० जाने. २०१६, रवि., जबल अख्दर
आले एकदाची वर. हे गाडी घेऊन खाली अल् खुवैरला, नणंदेकडे, मला न्यायला आले होते. चेकपोस्टवर पोलिसाने मागची खोकी उघडायला लावली. हे म्हणाले, "लकडी नहीं साब, लकडी का भूसा. दबाके बनाया." तो हसला, यल्ला म्हणाला, म्हणजे चला.
बारा खोकी आहेत, विटेएवढे ठोकळे. धूर नाही म्हणे. बघू. मागच्या हिवाळ्यात शेगडीतल्या लाकडाच्या धुराने छाती अशी भरली की डॉ.नी सरळ सांगितलं, डोंगरावर राहायचं नाही. हीटर लावला की या घराचे फ्यूज उडतात. वर्ष झालं, हे इथे हॉटेलच्या बॉयलरवर कामाला, मी खाली नणंदेच्या फ्लॅटमध्ये. आता महिनाभर राहून बघायचं. दम लागला तर परत खाली, आणि मग कायमचंच.

१२ जाने., मंगळ.
दम्याचा पंप एकदाही लागला नाही. नाहीच!
ठोकळा पेटायला नखरे फार. सवयीने फुंकायला गेले तर हे ओरडले, "फुंकू नको गं, त्याचं त्याला पेटू दे." पेटला की मग तासन् तास निवांत. तडतड नाही, ठिणगी नाही. बाहेर ढग खिडकीशी आलेले. दुपारभर शेगडीपाशी बसून होते, धड झोप नाही, धड जागही नाही. कुणी हाक मारतंय असं वाटत होतं, पण उठवेना.

१५ जाने., शुक्र.
यांना सुट्टी. घरमालकीण आजी खजूर घेऊन आली. नाक वर करून वास घेतला. "दुखान?" म्हणजे धूर कुठाय. म्हटलं, "मा फी." नाही. तिला काही पटलं नाही. वास नसलेली आग तिच्या हिशेबी आगच नव्हे. खरं तर मलाही त्या वासाची आठवण येते, पण छाती म्हणते गप बस.
हे जेवून शेगडीशेजारीच आडवे झाले आणि घोरायला लागले. वर्षाने ऐकलं ते घोरणं. मेलं रडूच आलं.

१८ जाने., सोम.
सात खोकी उरली. घरात जागा नाही म्हणून यांनी ती बाहेर भिंतीशी ओळीने मांडलीत.
खालच्या शेतांत गुलाबाची झुडपं, आता नुसते काटे. एप्रिलमध्ये फुलतात म्हणे. विचारलं, तोवर राहीन का हो मी इथे? "इन्शाल्ला." या माणसाला सरळ हो म्हणता येत नाही.

२१ जाने., गुरु.
काय करून बसले मी!
सकाळी धुक्यात अंगण दिसेना. अर्धवट झोपेत बादली उचलली आणि सडा घातला. चांगला सढळ हाताने. नणंदेकडे चौथ्या मजल्यावर कसला सडा? राजापूर सोडल्यापासून घातलाच नव्हता. पाणी उताराने भिंतीशी जाऊन साचलं, ते बघितलंच नाही. दुपारी यांनी खोकं उचललं तर बूड गळून पडलं. ठोकळे पाणी पिऊन फुगले, उरलेल्या पाचही खोक्यांत नुसता ओला भुसा.
वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. हे मूठभर भुसा हातात धरून उभे. "सडा घातलास?" "हो." "मागच्या खेपेला अख्खा हिवाळा होतीस. एकदा नाही घातलास." एवढंच बोलले. सडा आपल्या घरापुढे घालतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.
घरात सहा ठोकळे आहेत. आज संध्याकाळपुरते. नवे खालून रविवारी येतील. तोवर लाकूड पेटवायचं, नाहीतर मी खाली जायचं. नणंदेचा फोन दोनदा येऊन गेला, खोली झाडून ठेवू का विचारायला. "तूच सांग तिला काय ते," हे म्हणतात.
अजून उचलला नाही. हे बाहेर चादर पसरून त्यावर तो भुसा वाळत घालतायत, एवढ्या ढगात. वाळणार कसला, कपाळ! तरी उठले आणि दुसरी चादर काढून दिली.