मामांची पेटी आणि आत्यांचा घसा

रेणापूर,
रविवार, ४ जानेवारी

तीर्थस्वरूप गंगम्मा आत्यांना त्यांच्या दीपमालेचे शरणार्थी, म्हणजे नमस्कार. तुमचा गुडघा, म्हैस आणि हरभरा कसा आहे ते कळवावं (गुडघा मी आधी लिहिला आहे, पण तुम्ही म्हशीपासून सुरू करणार हे मला माहीत आहे). इकडे मी बरी आहे. तुमचे मालक, म्हणजे आमचे मामा, तेही बरे आहेत, दोन्ही वेळा पोटभर जेवतात आणि अंगावर घेऊन झोपतात. समोर असले की मी तुम्हाला 'तू' म्हणते, पण हे पत्र शेषेरावकाका त्यांच्या पिठाच्या गिरणीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवणार, म्हणून कागदावर 'तुम्ही'.

सगळ्यात आधी एक चूक दुरुस्त करायची आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझ्या गायनपथकातली मुलं छान गातात. हे बरोबर नाही. मुलं छान उभी राहतात. उंचीप्रमाणे तीन रांगा, हात मागे, नजर समोर. गाण्याबद्दल सांगण्यासारखं त्या दिवशी काहीच नव्हतं आणि उभं राहण्याचं कौतुक मी घाईत गाण्याच्या नावावर लिहून टाकलं. त्या पत्रावरून तुम्ही गिरणीत गूळ-शेंगदाणे वाटले असं मामांकडून कळलं, तेव्हापासून मला नीट झोप नाही. ज्यांनी खाल्ले त्यांना कृपया खरं काय ते सांगावं. (शेषेरावकाका, तुम्हीही खाल्ले असतील, तर हे तुम्हालाही लागू.)

मुळात हे पथक माझ्याकडे कसं आलं ते फोनवर सांगायचं राहिलं, कारण फोनवर तुम्ही बोलता. मी शाळेत गणित शिकवते. पण आपल्या घरातली शिकलेली मी पहिली, आणि पहिल्या शिकलेल्या माणसाला 'येत नाही' म्हणायची सोय नसते. गावी आले की फवारणीच्या बाटलीवरचं, दवाखान्याच्या चिठ्ठीवरचं, सोसायटीच्या नोटिशीवरचं सगळं मीच वाचायचं आणि न कळलेलंसुद्धा समजावून सांगायचं. त्याच सवयीनं, मुख्याध्यापकांनी गाणं येतं का विचारल्यावर मी म्हटलं की आमच्या आत्या गातात. त्यांनी तो होकार धरला. चोवीस तारखेला नांदेडला शाळांची समूहगायनाची स्पर्धा आहे आणि गीत पाणी वाचवण्याचं आहे, मुख्याध्यापकांनी स्वतः रचलेलं, 'थेंब थेंब जपू या रे'. मी मोबाइलवर गाणं शिकवण्याचे व्हिडिओ पाहिले आणि मुलांना सांगितलं, दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडा. दुसऱ्या दिवशी तिन्ही रांगा तोंडात दोन बोटं घालून उभ्या होत्या. उंचीप्रमाणे.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती तुमच्यासारख्या माणसांनी करून ठेवलेली आहे (रागावू नये). आपल्याकडे हळदीचं गाणं असो की सोमवारचं भजन, एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती धरतात. या मुलांनी पाळण्यात असल्यापासून हेच पाहिलंय. त्यामुळे मी हात वर केला की ती माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघतात, कुणीतरी आधी म्हणेल म्हणून. कुणीच म्हणत नाही. फार शांतता असते. एकदा त्या शांततेत कचऱ्याची घंटागाडी आली, तिनं तिचं गाणं पूर्ण वाजवलं आणि कचरा घेऊन गेली, तरी आमचं सुरू झालं नव्हतं. मग मी सातवीतल्या सृष्टीला पुढे केलं. तिनं ओळ म्हटली, बाकीच्यांनी धरली. तिनं पुढची म्हटली, बाकीच्यांनी धरली. गीत दुप्पट लांबलं. स्पर्धेत वेळ सहा मिनिटं आहे आणि नियमांच्या कागदावर 'सर्वांनी एकत्र' हे शब्द ठळक छापलेले आहेत. म्हणून मी मुलांना सांगितलं की आजपासून तुम्ही सगळेच म्होरके. त्यावर सृष्टी म्हणाली, "मग मॅडम, धरनार कोन?" याचं उत्तर गणितात नाही. मी तिला घरी जायला सांगितलं. तशी शाळा सुटलेलीच होती.

अशा वेळी तुम्ही मामांना पेटीसकट इकडे पाठवलंत. मागच्या पत्रात मी 'मामांचा फार आधार झाला' असं लिहिलं आहे. ते वाक्य मी मागे घेत नाही, पण त्याला थोडा तपशील जोडते. (शेषेरावकाका, इथून पुढचं कृपया गिरणी चालू करून, आत्यांच्या कानाशी वाचावं.) मामा आधी डोळे मिटतात. मग आलाप घेतात. तो संपतो तेव्हा आपली सहा मिनिटं संपलेली असतात आणि शेवटच्या रांगेतली मुलं खाली बसलेली असतात. मध्येच कुणी चुकलं तर ते पहिल्यापासून सुरू करतात, कारण अर्धं सोडलेलं देवाला चालत नाही. मी म्हटलं, मामा, हे पाण्याचं गीत आहे. ते म्हणाले, "पानी कोन देतं मंग?" साथीदारांनी गाऊ नये असा नियम आहे, तोही मी वाचून दाखवला. तर म्हणाले, "म्या कुठं गाऊन राहिलो? पेटीला वाट दावून राहिलो." पेटीला वाट सापडते की नाही मला कळत नाही, मुलांना मात्र सापडली आहे. 'थेंब थेंब' संपलं की आता तिन्ही रांगा 'हर हर' म्हणतात. तेवढं मात्र एकत्र.

गेल्या सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं. "मॅडम, बारा तारखेला फॉर्म द्यायचाय. तवर पोरं एकदम सुरू झाली न्हाईत, तर नाव काढू. हसं करून घ्यायला नांदेडला कशाला जायचं? ते हितं बी होतंय." आत्या, मुलं घरोघरी सांगून बसली आहेत. बहुतेकांनी गोदावरी पाहिलेली नाही. परतताना गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवायचं ठरलंय, त्यावर वर्गात आतापासून भांडणं आहेत की कोण कुणाशेजारी बसणार. सृष्टीच्या आईनं लेकीसाठी स्वेटर विणायला घेतलाय, नदीकाठी वारं असतं म्हणून. या मुलांना मी काय सांगू? उभं राहायला फार छान शिकलात, आता बसा?

आणि मग मंगळवारी तुमचा फोन आला. मामांचा फोन पेटीवर ठेवलेला असतो, आवाज मोठा करून, कारण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि उजवा कान रजेवर असतो. आमची शांतता चालू होती. तुम्ही नेहमीसारखा घसा साफ केलात आणि म्हणालात, "अगं दीपे, जेवलीस का?" आणि तिन्ही रांगांनी एका सुरात, एका दमात म्हटलं, "अगं दीपे, जेवलीस का?" तुम्ही म्हणालात, "कोन हाय गं तिथं?" त्यांनी तेही धरलं. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जवळजवळ पळत आले. म्हणाले, "मॅडम, जमलं की! पर हे कडवं म्या कवा लिवलं?"

बुधवारी तुम्ही पुन्हा फोन केलात, काल कोण होतं ते विचारायला. या वेळी मी मुलांवर नजर ठेवली होती. तुम्ही नुसता घसा साफ केलात, अजून शब्दही नाही, आणि सगळ्या मुलांनी एकदम श्वास घेतला. मी घाईनं हात वर केला. 'थेंब थेंब', पहिल्या अक्षरापासून, सगळ्यांनी मिळून, शेवटपर्यंत. मामांचा हात भात्यावर तसाच राहिला. तुम्ही फोनमध्ये "हालू, हालू" करत होता, त्याबद्दल क्षमा असावी. नंतर मी स्वतः घसा साफ करून पाहिला. सृष्टी म्हणाली, "मॅडम, पानी आनू का?"

स्टेजवर मोबाइल चालत नाही. मी तो नियम पाहून ठेवला आहे.

बाकी इकडे सगळं ठीक. थंडी बरी आहे. गुडघ्याला तेल लावत जावं आणि लावलं असं नुसतं सांगू नये. घरातल्या लहान-मोठ्यांना माझं जे ज्याला लागेल ते सांगावं.

तुमचीच,
दीपमाला

ता. क. वरचं सगळं वाचून वाटेल की पत्र खुशालीचं आहे. ते तसं नाही. स्पर्धेत दोन साथीदार बाहेरचे चालतात. त्यांनी गाऊ नये एवढंच लिहिलंय, घशाबद्दल काहीही नाही. तरी मनाला लागून राहायला नको म्हणून मी नांदेडला आयोजकांना फोन केला. त्यांनी मला प्रश्न दोनदा विचारायला लावला आणि म्हणाले, "ताई, ठसका लागला तर मानसाला काय हाकलून द्यायचं?" हे लेखी द्याल का, असं म्हटल्यावर फोन कट झाला. तर आत्या, तुम्ही झांज घेऊन नांदेडला यावं. देगलूरहून एस.टी. आहे. झांज वाजवली नाही तरी चालेल, सुरुवातीला घसा तेवढा साफ करावा. पण जागा दोनच. ढोलकी आमच्या खेळाच्या सरांकडे आहे आणि त्यांना काढता येत नाही, कारण मुलांना न्यायची गाडी त्यांच्या भावाची आहे. म्हणजे उरली पेटी. मामांना हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तुम्हीच त्यांना संक्रांतीला घरी बोलावून घ्या. म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही असं कळवावं. मात्र म्हशीच्या नावावर खोटं सांगणं मला पटत नाही, तेव्हा शक्य झाल्यास तिनं एक दिवस खरोखरच अडून बसावं.

ता. क. २. मी पाकीट चिकटवत असताना मामा चहा घेऊन आले आणि शेजारी बसले. बशीत चहा ओतून म्हणाले, "दीपे, माझं हितं काय काम न्हाई बग. पोरं तिच्या खाकरन्याला उठून राहिली. म्या कवाच गेलो असतो. पर तिनं धाडलंय. तिचा सांगावा आल्याबिगर गेलो तर दारातच उभं करंल." म्हणजे म्हशीला त्रास देऊ नये. नुसतं 'या' एवढं कळवावं. शेषेरावकाकांनी आता गिरणी बंद केली तरी चालेल.

ता. क. ३. मी आजवर कुणालाही विचारल्याशिवाय कुणाचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, वहीवर स्वतःचंसुद्धा बाबांना विचारून लिहिलं होतं. पण तुमचं उत्तर वेळेत येईल याचा भरवसा नाही, आणि आलं तरी ते आधी 'न्हाई' असंच येणार. म्हणून हे आगाऊ कळवते. वयाचा रकाना मी मोकळा सोडीन. पेटी खोडून तिथे झांज, आणि झांजेपुढे गंगम्मा सिद्रामप्पा असं स्वच्छ अक्षरात लिहून मी फॉर्म देणार आहे, सोमवारी, बारा जानेवारीला.